निमित्त

नवं पिस्तूल घेऊन तीन महिने झाले होते. रायपूरचा मे महिना. मान्याकडच्या रस्त्याने स्कूटीवरून रेंज गाठायची म्हणजे तोंडाला ओढणी घट्ट बांधूनही गालांना लू झोंबते. शेडमधले दोन कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त करत होते. माझी लेक साठ शॉट संपवून बाहेर आली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, अर्धी बाटली पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, आता मी कुणाचं नाव घेऊ?"

गुण होते ५४३. क्लबच्या जुन्या पिस्तुलावर ती ५४५ मारायची.

मी हसण्यावारी नेलं. पण तिने तक्रार केली नव्हती, खरोखरच विचारलं होतं. दोन वर्षं ती क्लबचं पिस्तूल वापरत होती. एकच पिस्तूल, पाच-सहा मुलं. प्रत्येकजण मागची साईट आपल्यापुरती फिरवून ठेवणार, ट्रिगर कुणाला जड हवा तर कुणाला हलका, आणि मूठ एखाद्या मोठ्या पुरुषाच्या पंजाच्या मापाची. शॉट वाया गेला की ती त्या पिस्तुलाकडे बघायची आणि मीही बघायचे. शेवटी मी एक एफडी मोडली आणि जवळपास दोन लाखांचं पिस्तूल घेतलं. ते आलं आणि दोष ठेवायला तिच्याजवळ फक्त स्वतःचं नाव उरलं. मी तिला एक वस्तू आणून दिली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिच्याकडून एक काढून घेतली होती.

जी काढून घेतली तिला मराठीत निमित्त म्हणतात. या शब्दाला दोन तोंडं आहेत. 'काहीतरी निमित्त काढून आला नाही' असं म्हणतो तेव्हा निमित्त म्हणजे सबब. 'मी कोण, मी तर निमित्त झालो' असं म्हणतो तेव्हा निमित्त म्हणजे ज्याच्या हातून गोष्ट घडली, पण ज्याने ती घडवली नाही असा माणूस. पहिला अर्थ आपण हरल्यावर वापरतो, दुसरा जिंकल्यावर. एकदा भार वस्तूवर जातो, एकदा देवावर. दोन्ही वेळा आपण मधून हळूच बाजूला होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतो आहे: एखाद्या कृतीत माझं नेमकं किती असतं? आणि ते मोजायचं कसं?

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. लहानपणी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ही म्हण आठवड्यातून दोनदा ऐकू यायची. पण म्हण कोण कुणाला ऐकवतं ते पाहिलं पाहिजे. बहुतेक वेळा ज्याचं अंगण सरळ असतं तो, ज्याचं वाकडं असतं त्याला. आणि अंगण कधीकधी खरोखरच वाकडं असतं.

हे मला सरांनी हातात पिस्तूल देऊन शिकवलं. मुलीची वाट बघत मी रोज दोन-दोन तास बसायचे, तेव्हा एके दिवशी ते म्हणाले, "मैडम, बैठे-बैठे क्या करोगी, आप भी उठाओ." वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी उचललं. आज मी साठ शॉटमध्ये कशीबशी पाचशेच्या आसपास पोचते, पण या खेळातला बारकावा मला खुर्चीत बसून कधीच कळला नसता.

दहा मीटर एअर पिस्तूल एका हाताने मारायचं असतं. पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं. समोरच्या कागदावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलावर पुढे एक साईट, मागे खाच असलेली दुसरी, आणि दोन्हींमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. आता गणित बघा. हात सरळ राहून अख्खं पिस्तूल एक मिलिमीटर सरकलं, तर छर्राही कागदावर एकच मिलिमीटर सरकतो. दहाचे दहाच राहतात. पण मागची साईट जागेवर राहून पुढची एक मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर तो फरक तीन सेंटिमीटरचा होतो. दहाची थेट सात. सगळं मिळून डगमगलं तर माफ आहे, मागचं आणि पुढचं एकमेकांशी फटकून वागलं तर नाही.

आणि ते फटकून वागू नये हे मुठीचं काम. आपल्या भाषेने इथे एक सोय करून ठेवली आहे. हाताची तीही मूठ आणि हत्याराची तीही मूठ. एक मूठ दुसऱ्या मुठीत अशी बसली पाहिजे की डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, तर पुढची साईट मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसावी. क्लबच्या पिस्तुलाची मूठ माझ्या मुलीच्या हातात बसत नव्हती. तळव्याच्या खोलगटात बोटभर पोकळी राहायची, आणि ती पोकळी भरायला ती दर वेळी वेगळ्या ताकदीने दाबायची. तिचं मन एकाग्र नव्हतं असं नाही. ते मुठीतली पोकळी भरण्यात खर्च होत होतं. सर्वांनी 'फोकस कर, फोकस कर' म्हणून तिचे कान किटवले, मीही किटवले. ते लाकूड तिच्या मापाचं नाही हे कुणी म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. 'मन लाव' म्हणायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा दोष नेहमी स्वतःकडेच घ्यावा, हा मला पूर्वी नम्रपणा वाटायचा, आता तोही एक खोटेपणा वाटतो. वाकड्या अंगणाला सरळ म्हणणं हे सत्य नाही, मग म्हणणारा कितीही विनयाने म्हणो.

टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, उरलेले शॉट घाईत मारावे लागले, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी हुकली. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी तेव्हा 'हिला दडपण झेपलं नाही' असा निकाल दिला होता! तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ला, पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात २२१.७ गुणांनी कांस्यपदक मिळवलं आणि शेवटच्या क्षणी गीता आठवत होते असं सांगितलं. एकाच मुलीच्या वाट्याला निमित्ताचे दोन्ही अर्थ आले. पहिल्या वेळी ते खरंच पिस्तूल होतं, पण लोकांनी ती सबब मानली. दुसऱ्या वेळी तिने स्वतःला निमित्त म्हटलं आणि लोकांना ते फार आवडलं.

याच्या उलट अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची गोष्ट. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या आधी त्याची रायफल कुणीतरी मुद्दाम बिघडवली होती. त्याने मैत्रिणीची रायफल उसनी घेतली आणि पन्नास मीटर प्रोनमध्ये सुवर्णपदक जिंकलं. मग थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो मोठ्या आघाडीवर होता. शेवटचा एक शॉट उरला होता. तो त्याने शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारला. शून्य. पहिल्या स्थानावरून आठव्यावर. बिघडवलेल्या रायफलीचं हक्काचं निमित्त हाताशी असताना त्याला त्याची गरज पडली नाही, आणि गरज पडली तेव्हा जगात कुठलंही निमित्त शिल्लक नव्हतं.

मग माझं काय? इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर सांगितली नाही.

क्लबच्या त्या पाच-सहा मुलांत एक मुलगा होता. वडील पोलिसात शिपाई. शाळा सुटली की सायकलने थेट रेंजवर यायचा, युनिफॉर्ममध्येच. आमचं नवं पिस्तूल आल्यावर क्लबचं पिस्तूल बहुतेक वेळ त्याच्याकडे असायचं. त्या वाकड्या अंगणात तो ५५५, ५६० असा नाचायचा. माझ्या लेकीपेक्षा बरंच सरस. सर त्याचं कौतुक करायचे, "देख नोनी, इसको देख," आणि मला ते ऐकायला आवडायचं नाही. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या गटांत खेळतात, त्याच्या गुणांनी हिचं काहीच कमी होत नव्हतं. तरीही आवडायचं नाही.

एका स्पर्धेच्या दिवशी माझ्या मुलीची फेरी सकाळी झाली. त्याची दुपारी होती. फेरीला अर्धा तास असताना क्लबच्या पिस्तुलाची हवा गळू लागली. कुठलं तरी सील गेलं होतं. दर काही शॉटनंतर दाब कमी होणार, छर्रे खाली खाली जाणार. तो आमच्याकडे आला. माझ्याकडे बघून, मुलीकडे नाही, म्हणाला, "आंटी, दीदी का मिल जाएगा क्या?"

मी म्हटलं, "अरे बेटा, दे देती, पर उसकी ग्रिप तो इसके हाथ के हिसाब से घिसी हुई है. तेरे हाथ में बैठेगी ही नहीं."

हे अक्षरशः खरं होतं. त्या मुठीवर सरांनी तीन रविवार घालवले होते. माझी जुनी लिपस्टिक मुलीच्या तळव्याला फासायची, तिला मूठ धरायला लावायची, लाकडावर जिथे लाल उमटेल तिथे कानस, जिथे कोरडं राहील तिथे लाकडाची पुट्टी. ती मूठ जगात फक्त तिच्या हाताची होती. पण पिस्तुलाबरोबर आलेली मूळ मूठ, न घासलेली, पेटीच्या तळाशी फोमखाली ठेवलेली होती. एक स्क्रू काढायचा, एक बसवायचा. पाच मिनिटांचं काम. हे मला माहीत होतं. माझ्या मुलीलाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

त्याने मान हलवली, "जी आंटी" म्हणाला आणि गेला. गळक्या पिस्तुलाने खेळला, मध्ये दोनदा हवा भरून घेतली. पुढच्या फेरीची पात्रता तीन गुणांनी हुकली.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. अनोळखी पिस्तूल, अनोळखी ट्रिगर, साईट दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली. आमच्या पिस्तुलाने तो कदाचित आणखी वाईट खेळला असता. हे खोटं नाही. तीन गुण हवेमुळे गेले की त्याच्या हातामुळे, कोण सांगणार? पण या सगळ्या युक्तिवादात एक गोम आहे. तो खूप चांगला खेळला असता तर माझा नकार माफ झाला असता आणि तीन गुणांनी हुकला म्हणून तो गुन्हा ठरतो, असं कसं? माझी कृती तर त्याने पहिला छर्रा भरण्याआधीच पूर्ण झाली होती.

नेमबाजीत याला एक शिस्त आहे. तिला कॉल म्हणतात. शॉट सुटला की स्क्रीनकडे किंवा कागदाकडे बघायच्या आधी स्वतः सांगायचं, कुठे गेला असेल. शॉट सुटताना पुढची साईट कुठे होती हे ज्याने खरंच पाहिलं, त्याला ते सांगता येतं. ज्याची नजर लक्ष्याकडे पळाली होती, त्याला येत नाही. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, म्हणून पिस्तूलवाल्याने पुढची साईट स्पष्ट बघायची आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचं. अर्जुनाला पोपटाचा फक्त डोळा दिसत होता ही गोष्ट आम्हाला शाळेत ऐकवली जायची. सरांच्या हाताखाली अर्जुनाला पहिल्याच दिवशी ओरडा बसला असता. इथे मिळवायचं आहे ते अंधूक ठेवायचं आणि हातात आहे ते लख्ख बघायचं. सर डायरीत दोन रकाने करायला लावतात, आधी कॉल, मग प्रत्यक्ष शॉट. ते म्हणतात, पहिली दोन वर्षं गुण नका मोजू, या दोन रकान्यांतलं अंतर मोजा.

त्या दुपारी मला माझा कॉल देता आला असता, निकाल लागण्याआधीच. माझी साईट कुठे होती हे मला पूर्ण स्पष्ट दिसलं होतं. एफडीचे दोन लाख, त्याच्या हातून काही बिघडलं तर, आणि या दोन्हींच्या खाली, फोमखालच्या त्या मुठीसारखं झाकलेलं, ते 'देख नोनी, इसको देख'.

महाभारतातल्या त्या गुरूचं मला आता वेगळंच वाटतं. एकलव्याकडे द्रोणाने जे मागितलं ते रीतीला धरून होतं. गुरुदक्षिणा मागण्याचा गुरूला हक्क होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण कारण रीत नव्हती, कारण अर्जुन होता. खोट्या सबबीपेक्षा खरी सबब जास्त घातक, कारण ती पकडता येत नाही. खोटं बोललं की मन खातं. खरं बोलून अन्याय केला की झोप लागते. मला त्या रात्री चांगली झोप लागली होती. मन खायला लागलं ते नंतर, मेमध्ये, जेव्हा लेकीने विचारलं, "आता मी कुणाचं नाव घेऊ?" तिच्या जागी निमित्त संपलं होतं आणि माझ्याकडे ते अजून शिल्लक होतं.

एकलव्याचा अंगठा मला आणखी एका कारणाने आठवतो. सरांनी पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, "अंगूठे को छुट्टी दे दो." पिस्तूल धरतात ते मुख्यतः मधल्या दोन बोटांनी, सरळ मागे. अंगठा आपल्या जागी नुसता टेकलेला असतो, करंगळीही. ट्रिगर कमीत कमी पाचशे ग्रॅमचा, त्यावर दाब वाढवत न्यायचा आणि शॉट नेमका कधी सुटणार हे स्वतःलाही कळू द्यायचं नाही. 'आत्ता!' असं मनात आलं की हाताला ते आधी कळतं आणि अख्खी मूठ आवळते. उजव्या हाताच्या नेमबाजाची मूठ आवळली की शॉट खाली डावीकडे जातो. नवशिक्यांच्या कागदावर तिथे भोकांची गर्दी असते, माझ्या कागदावर अजूनही आहे. चांगला शॉट सुटतो तेव्हा आपण खरोखर दुसऱ्या अर्थाने निमित्त असतो, तो क्षण आपण निवडलेला नसतो. पण उभं कसं राहायचं, मूठ कशी धरायची, नजर कुठे ठेवायची हे सगळं आपणच निवडलेलं असतं. आणि आणखी एक गोष्ट शेवटपर्यंत आपल्या हातात असते. काही चुकतंय असं वाटलं तर हात खाली घेता येतो. शॉट मारलाच पाहिजे असं नाही. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट, भरपूर वेळ असतो. सर म्हणतात, आलेला खराब शॉट न मारता परत खाली घेतो तो नेमबाज.

मीही त्या दिवशी घेऊ शकले असते. तोंडातून वाक्य निघून गेल्यावरही, तो मुलगा दहा पावलं जाईपर्यंत, हाक मारायला वेळ होता. मी जबाबदारी शोधायची तर ती तिथे शोधते, त्या दहा पावलांत. मत्सर वाटला हे माझ्या हातात नव्हतं, तो हाताच्या थरथरीसारखा आहे, कुणाचाही हात पूर्ण स्थिर नसतो. पण मूठ मी आवळली.

त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाईंनी नेहमीसारखी विळी, कात्री, शिवणयंत्र, माझा लॅपटॉप यांच्या रांगेत पिस्तुलाची पेटीही ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. या राज्यात बंदूक हा शब्द वर्तमानपत्रात ज्या बातम्यांमध्ये येतो त्यामुळे पहिल्या वर्षी मला ते बघवलं नव्हतं. आता मला वाटतं, त्या पूजेत एक हिशेब आहे. वर्षातून एक दिवस आपण कबूल करतो की आपण केलं त्यात या वस्तूंचाही वाटा आहे. सरळ अंगणवाल्यांनी तर हे कबूल करायलाच हवं. ज्याच्याकडे चांगलं हत्यार आहे त्याने आपल्या गुणांतून त्याचा वाटा वजा करावा, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या गुणांत तो मिळवावा. तसं केलं तर त्या मुलाचे गुण त्या दिवशी किती झाले असते, हे मला नीट मांडता येत नाही. पण तो पात्र होता.

त्याच्या वडिलांची पुढे जगदलपूरला बदली झाली. तो रेंजवर यायचा थांबला. मी त्याची माफी मागितलेली नाही.

पूजेनंतर पेटी उघडली तेव्हा माझ्या मुलीने फोमखालची ती मूळ मूठ बाहेर काढली आणि एलन कीसकट पेटीच्या वरच्या खणात ठेवली, हाताला चटकन येईल अशी. मला काही म्हणाली नाही. आता रविवारी आठवी-नववीतल्या मुली येतात तेव्हा ती मूठ बदलते आणि त्यांना आमचं पिस्तूल मारायला देते. तिचे गुण सध्या ५५० ला टेकतात, कधी टेकत नाहीत. मी खुर्चीत बसून बघते. परवा एका चिमुरडीने पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं आणि माझा हात मांडीवर आपोआप आवळला गेला. मी मनातल्या मनात कॉल दिला: सात, खाली डावीकडे. मग बोटं एकेक करून सोडली.